घड्याळ आत आहे

दुकानातली खेळणी म्हणजे आळशी आईबापांनी मठ्ठ मुलांसाठी केलेली सोय, असं कुलूपवाल्या आजोबांचं ठाम मत होतं. नात वर्गात पहिली येते म्हटल्यावर तिच्या दहाव्या वाढदिवसाला त्यांनी स्वतःच्या हाताने शिसवी पेटी केली. तिला ना कडी, ना कोयंडा, ना फट.

"उघड बघू," आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले. "आत तुझ्या आजीचं घड्याळ आहे."

नातीची आई, म्हणजे आजोबांची लेक, केक कापता कापता थांबली. तिची आई जाऊन पाच महिने झाले होते. आईच्या वस्तूंतलं तिने ते घड्याळ तेवढं मागितलं होतं आणि बाबा दर वेळी "बघू" म्हणत आले होते.

"बाबा, ते मी मागितलं होतं ना?"

"मागून काय, कुणालाही मिळतं. डोकं चालवून मिळवू दे तिला. तू तर साधा डबा उघडायलाही आईला हाक मारायचीस!"

पाहुणे हसले. लेकही हसली, बाबांच्या विनोदांना हसायची सवय जुनी होती.

चार दिवसांत नातीने हात टेकले. मग लेकीनेच कंबर कसली. टीव्ही बंद, खेळ बंद, रोज संध्याकाळी तासभर पेटी. शेजारच्या गणिताच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी पेटीचं घनफळ काढलं आणि चहा पिऊन गेले. सुताराला बोलावलं, त्याने करवत काढली मात्र, आजोबा कडाडले, "पेटीला दात लावलेस तर तुझी बोटं राहायची नाहीत!"

तिसऱ्या आठवड्यात नातीला रडू फुटलं.

"अगं, मी पहिल्याच दिवशी उघडली होती! आत आणखी एक पेटी होती. तीही उघडली. पण आजोबांना कळलं असतं, तर त्यांनी याहून अवघड केली असती. म्हणून परत लावून टाकली!"

तिने दोन्ही पेट्या उघडून दाखवल्या. बाहेरची कोपरा सरकवून, आतली तळाशी अंगठा दाबून. घड्याळ बंद पडलेलं होतं. त्याच्या पट्ट्याला आजीच्या मनगटाचा बाक अजून होता.

लेकीने आतली पेटी पुन्हा बंद केली. तिला घड्याळ चोरून नको होतं. बाबांच्या हातून हवं होतं.

"बाहेरची उघडली, पण या आतल्या पेटीपुढे हरलो आम्ही," ती बाबांपुढे जाऊन म्हणाली. "तुम्हीच उघडा आणि मला द्या."

आजोबांनी ऐटीत पेटी घेतली. एक कोपरा दाबला. दुसरा दाबला. पुन्हा पहिला. चष्मा पुसला. किल्ल्या हरवलेल्या तिजोऱ्या बोलता बोलता उघडणारे ते हात चौथ्यांदा त्याच कोपऱ्यावर आले.

"लाकूड फुगलंय," ते म्हणाले. मग पेटी कानाशी धरून हलवली. "आहे, आत आहे. पण मी ही अशी कशी केली..."

"आजोबा, ते तळाला—"

लेकीने नातीचा हात घट्ट दाबला.

"तळाला काय?"

नातीने आईकडे पाहिलं. "तळाला पॉलिश छान झालंय."

आजोबांचा चेहरा खुलला. "होणारच! तीन हात दिलेत. मी केलेलं कुणाच्या बापाला उघडायचं नाही. ये पोरी, बस. तुलाच हवं होतं ना? कर प्रयत्न."

लेक बसली. अंगठा तळाला लागणार नाही याची काळजी घेत तिने एक कोपरा दाबला. मग दुसरा.

"चुकलं," आजोबा आनंदाने म्हणाले.