बाबल पायलटचे ‘टेक’

बाबलकाकांना इंग्रजीतले एकच क्रियापद येते, आणि दुसऱ्याची गरज पडते हे त्यांना अजून कोणी पटवून देऊ शकलेले नाही. ते क्रियापद म्हणजे ‘टेक’.

काका पेडण्याच्या बाजारात पायलट आहेत. आमच्याकडे पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, मोटारसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून गावोगाव पोचवणारा. हरमलच्या किनाऱ्यावर जाणारे गोरे त्यांच्या मागे बसत गेले आणि काकांचे इंग्रजी आपोआप तयार झाले. गिऱ्हाईक आले की ‘टेक सीट’. घाटीच्या उतारावर ‘टेक शर्ट’, म्हणजे माझा शर्ट घट्ट धर. वाट विचारणाऱ्याला ‘टेक चर्च, टेक लेफ्ट, टेक माड’, आणि तो माणूस बिनचूक पोचतो. बाकीचे शब्द इंग्रजांनी परीक्षा घेण्यासाठी काढले, असे त्यांचे ठाम मत आहे.

मोपाचा विमानतळ झाल्यावर त्यांना ‘टेक ऑफ’ सापडला. तपासणीला बूट काढायचे तेही टेक ऑफ आणि विमान वर जाते तेही टेक ऑफ, हे कळल्यावर ते चार दिवस खुशीत होते. भेटेल त्याला थांबवून सांगत होते. मी शेजारीच राहत असल्यामुळे मला ते रोज ऐकावे लागले.

त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने तिथेच आन्ना नावाच्या पोलंडच्या मुलीशी लग्न केले आणि यंदा पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिला घेऊन तो घरी आला. आन्ना गुणी पोर. काकांचे इंग्रजी तिला पहिल्या दिवसापासून कळले. ‘टेक पेज’ म्हटले की ती पेजेची वाटी पुढे ओढायची, ‘टेक वारो’ म्हटले की अंगणात जाऊन बसायची.

घोडे अडले ते ओझ्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला सुनेच्या माहेराहून ओझे यावे लागते. फळे, नेवऱ्या, लाडू, खाजे, नारळ यांनी भरलेल्या टोपल्या घेऊन मुलीचा बाप दारात येतो आणि मग तो खाऊ वाड्यावर, म्हणजे वस्तीत, घरोघर वाटला जातो. आन्नाला वडील नव्हते आणि आई हजारो मैलांवर. वाड्यावरच्या बायका मात्र विहिरीवर रोज गोड आवाजात विचारत, ओझे कधी येणार म्हणून. काकांची बायको सुमनकाकी कानकोंडी होऊन घागर अर्धी भरूनच परतायची. नीलेशने सगळे समजावून सांगितले तेव्हा आन्ना म्हणाली, मी पैसे देते, आपण विकत आणू. काकी म्हणाली, स्वतः आणलेले ते सामान, ओझे नव्हे. त्या रात्री पोरगी जेवली नाही.

शुक्रवारी सकाळी काका कोणाला न सांगता म्हापशाला गेले. दुपारी त्यांची मोटारसायकल परत आली ती दारात शिरलीच नाही. स्वतःच्याच फाटकाबाहेर गाडी लावून त्यांनी हॉर्न दिला आणि पाहुण्यासारखे उभे राहिले. अंगात नवा पांढरा सदरा, गाडीला दोन्ही बाजूंनी टोपल्या, हँडलला केळ्यांचा घड. वाडा गोळा व्हायला वेळ लागला नाही.

काकी बाहेर येऊन म्हणाली, “हे काय खूळ?”

“आज मिया ह्या चेडवाचो बापूस,” काका म्हणाले. “ओझां घेऊन इलंय.”

सासऱ्याने मुलीचा बाप होऊन सुनेचे ओझे आणल्याचे आमच्या वाड्यावर कोणी ऐकले नव्हते. बायका काकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकीने क्षणभर नवऱ्याकडे पाहिले, मग डोक्यावर पदर घेतला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि काकांच्या पायांवर पाणी घातले.

“येवा व्याही,” ती म्हणाली. “वाटेक त्रास नाय मां झालो?”

काकांनी म्हापशात गर्दी होती एवढेच सांगितले. मग आन्नाच्या हातात पहिली टोपली देऊन त्यांनी आपले सारे इंग्रजी पणाला लावले. “टुडे, यू टेक मी फादर.”

आन्नाने टोपली खाली ठेवून त्यांना मिठी मारली. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. संध्याकाळपर्यंत लाडू घरोघर पोचले आणि विहिरीवरच्या बायकांनी ते मुकाट्याने खाल्ले. त्या दिवशी काकी घागर काठोकाठ भरून डुलत डुलत घरी आली.

दिवेलागणीला काका माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. घरी का नाही गेलात, असे मी विचारले, तर मुलीचा बाप ओझे देऊन लगेच निघतो, सासरी मुक्काम करत नाही, म्हणाले. रीत ती रीत. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला. दर चवथीला दुसऱ्या बापांना त्यांच्या ओझ्यासकट मुलींच्या दारात पोचवले, मग बाहेर गाडीपाशी एकटाच थांबलो, आपल्याला जायला दार नव्हते, असे ते हळूच म्हणाले. मुलगी हवी होती, झाली नाही.

समोर त्यांच्या घरात दिवा लागला होता. आतून काकीचे आणि आन्नाचे हसणे ऐकू येत होते. काकांनी डोळे पुसले.

“बरां घर मेळला हो माझ्या चेडवाक,” ते म्हणाले.