तिसऱ्या मजल्याच्या दौलतीने स्वयंपाकाचे पुस्तक निवडिले, त्याची हकीकत

श्री चूलदेवता प्रसन्न. कुकरची शिट्टी अखंड वाजो, फोडणी न करपो, सिलिंडर ऐन पाहुण्यांत न संपो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र वद्य पक्ष. ते समयी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या उजव्या अंगास एक राज्य होते. राज्यास नाव नव्हते, कारण दारावरची पाटी पडली ती पुन्हा कोणी लाविली नाही. मुलूख म्हणाल तर दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि एक गॅलरी, आणि गॅलरीतून रस्त्यापलीकडचा तरणतलाव साफ दिसे. गादीवर श्रीमंत शशिकांत महाराज, म्हणजे आमचे बाबा, परंतु खरा कारभार निलांबरी राणीसरकारांचा, म्हणजे आईचा. थोरले महाराज तात्या, बाबांचे वडील, एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होऊन रिटायर जाहलेले. राजकन्या केतकी, नववीत. आणि आम्ही, बखर लिहिणार, नोकरीच्या शोधात, सबब दिवसभर घरीच.

तो बुधवारी जेवणाच्या समयी राणीसरकारांनी दुधीची भाजी वाढिली, आणि महाराजांनी ताटाकडे बघून नाक किंचित, अगदी किंचित, मुरडिले. मग जे जाहले ते सांगतो. राणीसरकारांनी पळी खाली ठेविली आणि म्हणाल्या, "सकाळी विचारलं, आज काय करू? तर म्हणे काहीही चालेल. तात्या काहीही. केतू काहीही. हा तर हेडफोनातच. आणि काहीही केलं की तोंडं बघा! रोज रोज ठरवायचं मीच का?" तेव्हा त्यांनी खरी गोष्ट काढिली की, तरणतलावात बायकांच्या संध्याकाळच्या बॅचला त्यांचा नंबर लागला आहे, मागल्या उन्हाळ्यापासून नाव घातले होते, आणि सोमवारी सहाला पहिला दिवस, आणि पहिल्या आठवड्यात एक दिवस जरी चुकला तर जागा दुसरीला जाणार. हे ऐकून केतकी ओरडली, "आई, तू पोहणार? तुला तर टबची भीती वाटते!" राणीसरकार म्हणाल्या, "म्हणूनच. लहानपणी विहिरीच्या काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळले मी. आता मला पाण्यात जायचंय." आणि मग लगेच हुकूम सुटला की, आठवड्याचे सगळे जेवण रविवारी ठरले पाहिजे, एक पुस्तक निवडा, त्यात बघून संध्याकाळचे तुम्ही करा, आणि मी पाण्यात असताना गॅलरीतून एकदा जरी 'अगं ए' ऐकू आले तर मी बाहेर येईन. "आणि एकदा बाहेर आले की परत नाही जायची. माझं मला माहितीये."

मग राज्यात एकच धांदल जाहली! शनिवारी दौलतीने मंगल कार्यालयातल्या पुस्तकांच्या प्रदर्शनावर कूच केले. महाराज पुढे, तात्या छत्री घेऊन मागे, केतकी आणि आम्ही त्यांच्याही पुढे बिनीवर, आणि राणीसरकार घरी, कारण "मी आले तर मलाच निवडावं लागेल." दुकानदार मोठा मुत्सद्दी, तो म्हणाला, "साहेब, करायला हवंय का दाखवायला?" महाराजांस हा प्रश्न अपमानाचा वाटला आणि त्यांनी सर्वांत जाड पुस्तक उचलिले. त्यात शाही पदार्थ, सोनेरी अक्षरे, वजन म्हणाल तर वरवंट्याएवढे. केतकीने फोटोवाले घेतले, ज्यात एक मूल भोपळी मिरची खाऊन हसत होते, आणि हे मूल खोटे आहे असे आम्ही तेथेच बोललो, परंतु कोणी ऐकले नाही. आम्ही झटपट पदार्थांचे घेतले. तात्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते ते एक पातळसे, बिनफोटोचे, प्लॅस्टिकच्या वेष्टनातले पुस्तक मांडीवर घेऊनच उठले. नाव, 'चौघांचे घर, आठवड्याचे जेवण'. महाराज म्हणाले, "तात्या, हे काय, पंचांग घेतलंत?" तात्यांनी पैसे मोजिले.

रविवारी सकाळी ओट्यापाशी दरबार भरला, राणीसरकार चहा घेऊन न्यायासनी, म्हणजे पिठाच्या डब्यावर बसल्या, आणि पुस्तकांची झडती सुरू जाहली. प्रथम शाही पुस्तक उघडिले, तर पहिलाच पदार्थ बारा माणसांचा, त्यास केशर, खवा आणि तांब्याची हंडी. "रात्रभर मुरवावे" असे पानोपानी. राणीसरकारांनी विचारले, "आदल्या रात्री आठवणीने मुरवणार कोण?" महाराजांनी पंख्याकडे पाहिले. पुस्तक पडले. मग केतकीचे पुढे आले, तर प्रत्येक पानावर आधी ओव्हन तापवा, आणि राज्यात ओव्हन नाही. केतकी म्हणाली, "घेऊ या की." सर्वांनी तिच्याकडे असे पाहिले की ती आपणच पुस्तक मिटून बसली. मग आमचे. आम्ही छाती काढून वाचिले, पाच मिनिटांत अमुक भाजी, साहित्य, शिजवलेली डाळ, तयार वाटण, मळलेली कणीक, चिरलेला कांदा. राणीसरकार हसल्या, अशा हसल्या की चहा सांडला. "अरे, ही पाच मिनिटं सुरू व्हायच्या आधीच माझा स्वयंपाक संपतो!" आम्ही पुस्तक पाठीमागे लपविले. खरे सांगायचे तर कणीक कोणीतरी मळावी लागते, हेच आम्हांस त्या दिवशी नीट समजले.

राहिले तात्यांचे. ते उघडिले मात्र, आणि दरबार चाट पडला. चौघांचे माप, अधिक एकाचे कसे तेही दिलेले. आज काय भिजवायचे ते आदल्या दिवसाच्या पानावर. भाज्या रोजच्या मंडईतल्या. राणीसरकारांचा चेहरा उजळला, आणि आम्ही नगारा म्हणून परात वाजविणार, तोच महाराजांनी पान उलटिले आणि किंचाळले, "सोमवारी अंडा करी!" महाराजांचा सोमवारचा उपास, सोळा सोमवारांपासून धरिला तो अजून सुटला नाही. केतकीने ओढून पाहिले, गुरुवारी मासे, आणि गुरुवार राणीसरकारांचा, त्या दिवशी घरात वास चालत नाही. शनिवारी चिकन, आणि शनिवार तात्यांच्या मारुतीचा! मंगळवार गणपतीचा, केतकीच्या परीक्षांमुळे चालू जाहलेला. जिथे जिथे पुस्तकाने सामिष ठेविले, तिथे तिथे आमचा कोणी ना कोणी देव बसलेला. महाराज म्हणाले, "हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना वार बिर काही नाहीत काय?" केतकी म्हणाली, "पदार्थ अदलाबदल करू." मग अदलाबदल करिता करिता मासे मंगळवारी गेले, ते तिथून हाकलिले तर अंडी शनिवारी आली, आणि भिजवायचे कडधान्य जेवून जाहल्यावर भिजू लागले, आणि सर्वजण एकदम बोलू लागले, आणि बोलता बोलता महाराज सवयीने राणीसरकारांकडे वळून म्हणाले, "अगं, तूच सांग ना काय ते."

राणीसरकारांनी कप विसळिला, आणि म्हणाल्या, "राहू दे. मी तलावावरच्या बाईंना फोन करून सांगते, पुढच्या वर्षी बघू." आणि फोन घ्यावयास उठल्या.

तेव्हा तात्या, जे इतका वेळ शनिवारच्या चिकनचे पान डोळे भरून वाचीत होते, ते खेकसले. "सूनबाई, खाली बस! अरे शशी, डेपोत असा गोंधळ घातला असतास तर अर्धं गाव स्टँडवर झोपलं असतं. थांबे कशाला हलवतोस? गाडी एक दिवस आधी सोड!" कोणास काही समजेना. तात्यांनी बोट ठेविले. "पुस्तकाचा सोमवार आपल्या रविवारी धर. म्हणजे अंडी आज. पुस्तकाचा मंगळवार तुझ्या सोमवारी, खिचडी-कढी, उपास सोडायला उत्तम. मासे बुधवारी आले. चिकन शुक्रवारी. आणि माझ्या शनिवारी थालीपीठ. कोणत्या देवाचं काय अडलं?" आम्ही बोटे मोजिली. केतकीने मोजिली. महाराजांनी दोनदा मोजिली. सगळे वार चोख बसले! मग परात अशी वाजली की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. त्याच दुपारी अंडा करी जाहली, कणीक आम्ही मळली, पोळ्यांचे आकार इतिहासात नमूद करीत नाही.

सोमवारी सहाला राणीसरकार पिशवी घेऊन निघाल्या. जाताना दारात तीनदा वळल्या. इकडे मुदपाकखान्यात खिचडी फत्ते जाहली, परंतु कढी महाराजांच्या हाती होती, दिवसभराचा उपास, पोटात वणवा, त्यांनी गॅस मोठा केला आणि ढवळणे सोडून सारखे घड्याळ पाहू लागले, आणि कढी फुटली! पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. महाराज पळी घेऊन गॅलरीत धावले, छाती भरून घेतली, खाली निळ्या पाण्यात कठड्याला धरून उभी असलेली आई दिसत होती, आणि महाराजांच्या तोंडातून "अगं" निघाले मात्र, तात्यांनी मागून आपला पंचा त्यांच्या तोंडावर दाबिला. "गिळ तो शब्द!" केतकी पुस्तक घेऊन धावली आणि मोठ्याने वाचू लागली, "कढी फुटल्यास घाबरू नये. गॅस बंद. चमचाभर बेसन पाण्यात कालवून घालावे, रवीने घुसळावे, मंद आचेवर ढवळत राहावे. घरात कोणास सांगू नये." आम्ही रवी धरिली, आणि घुसळ घुसळ घुसळिले, आणि कढी पुन्हा एक जाहली, आणि महाराजांनी त्या पुस्तकाला नमस्कार केला, आम्ही डोळ्यांनी पाहिले.

राणीसरकार आल्या. केस ओले, डोळे लाल, आणि चेहरा असा की आम्ही यापूर्वी पाहिला नव्हता. जेवावयास बसल्या, कढीचा भुरका घेतला आणि म्हणाल्या, "फुटली होती ना?" चौघेही खिचडीत बघत राहिलो. "चांगली झालीये," म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा घेतली. मग सांगू लागल्या की आज नुसता कठडा धरून पाय मारले, पण मारले. जेवून उठल्या, आणि इतक्या वर्षांची सवय, फ्रीजचे दार उघडून म्हणाल्या, "बरं, उद्या काय करू?"

तात्या हात पुसत म्हणाले, "उद्या कठडा सोड."

येणेप्रमाणे दौलतीने पुस्तक निवडिले, आठवडा रविवारी सुरू केला, कोणाचा देव रागावला नाही. शाही पुस्तक हल्ली गॅलरीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावितात. शुक्रवारी तात्यांनी चिकन दोनदा घेतले. त्याच शुक्रवारी राणीसरकारांनी कठडा सोडिला, ते गॅलरीतून चौघांनी पाहिले, आणि कोणीही ओरडले नाही. लेखनसीमा.