तिसरा माणूस नको

हिरालालनं बेत असा आखला होता की त्यात चूक शिरायला फटसुद्धा ठेवली नव्हती. निदान त्याचं मत तसं होतं. अर्जुनी मोरगावच्या आपल्या कृषी केंद्रात बसून तो लोकांना धानावर कोणतं औषध कधी मारायचं ते सांगायचा, आणि लोक मुकाट ऐकायचे. अशा माणसाचा स्वतःवर विश्वास जरा जास्तच बसतो.

बेत होता बायकोला, म्हणजे वच्छलाला, आधी काही न सांगता भूमध्य समुद्राच्या काठी न्यायचा. थेट ग्रीसला! आणि दोघांनीच.

यातलं 'दोघांनीच' हे खरं अवघड काम. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तेवढ्यात दोघांचे नऊ प्रवास झाले. दुकानात गिऱ्हाईक नसताना हिरालालनं एकदा मोजदाद केली, तर त्या नऊ प्रवासांत सोबतची माणसं एकशे चौदा भरली. लग्नानंतरची पहिली सहल तालुक्यातल्याच प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरा जण. नवरी एका कोपऱ्यात, नवरा दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे आत्याबाई, सीमेवरच्या डोंगरासारख्या. पचमढीला निघाले तर साळा देवानंद सहकुटुंब गाडीत येऊन बसला, कारण एवढी मोठी गाडी रिकामी कायले न्यायची. तिरुपतीला वच्छला रांगेत हरवली, ते हिरालालला दुपारपर्यंत कळलंच नाही. तो बाकीचे बावीस जण मोजत होता.

तिथून परत येताना वच्छला खिडकीबाहेर पाहत म्हणाली होती, "एखाद्या डाव असं कुठं जाऊ, जिथं कोणाले चहा पाहिजे म्हणून मले इचारा नाही लागत."

बायको एवढंच बोलली आणि झोपली. हिरालाल मात्र त्या दिवसापासून जागा झाला.

दुकानात एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर निळा समुद्र, काठावर चुना मारल्यासारखी पांढरी घरं. हिरालाल ते पान घेऊन गोंदियाला ओमेशच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेला. ओमेश म्हणाला, "ये तो कपल हॉटेल है काका. थर्ड पर्सन अलाउडच नाही." हिरालालनं ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. इतकं गोड वाक्य त्यानं सत्तावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

रोवणी आटपल्यावर आणि कापणी लागायच्या आधी जायचं ठरलं. पासपोर्ट होतेच, लेक दुबईला होती तेव्हा काढलेले. हे दोघं तिच्याकडे जायच्या आत तीच परत आली होती. आता व्हिसासाठी ओमेशला फक्त एक कागद हवा होता, लग्नाचा दाखला.

दाखला नव्हता. लग्न झालं तेव्हा नोंद करायचं कोणाला सुचलं नाही. सातशे माणसं जेवून गेली, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? फोटो एकच, त्यातही नवऱ्याच्या तोंडावर मुंडावळ्यांचा असा पडदा की आत हिरालाल आहे हे केवळ विश्वासानं मानायचं.

तेव्हा सोमवारी सकाळी हिरालाल आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक उमेंद्र तीन आठवड्यांपूर्वी बदलून आलेला. गावात कोण कोणाचं, त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाकावर सुमित्राबाई घराचा उतारा घ्यायला बसल्या होत्या. हिरालालनं टेबलावर वाकून, आवाज शक्य तितका खाली आणून सांगितलं, "साहेब, लग्नाची नोंद करायची आहे. पण माझ्या बायकोले माहीत पडलं नाही पाहिजे."

उमेंद्रच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. सुमित्राबाईंनी उताऱ्याची वाट पाहिली नाही. चपला हातात घेऊन त्या निघाल्या. पुढचं वाक्य नवरीच्या नावाचं होतं. ते त्यांनी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

उमेंद्रनं गुरुवारी अकराला बोलावलं, नवरी आणि तीन साक्षीदार घेऊन. हिरालालनं शालीकराम आणि मुन्नालाल या दोन जुन्या मित्रांना गाठलं आणि लग्नाच्या सह्या आहेत, कोणाला सांगू नका, असं बजावलं. तिसरा साक्षीदार ऐनवेळी पाहू, असं त्यानं ठरवलं; वच्छलालाही ऐनवेळीच सांगायचं होतं. मित्रांनी शब्द पाळला. त्यांना सांगायची गरजच पडली नाही. ज्याला सांगावं त्याला आधीच माहीत.

वच्छला तीन दिवस एक शब्द बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. हिरालालला वाटलं, काय शांतता आहे घरात! ग्रीसचा सरावच सुरू झाला म्हणायचा.

गुरुवारी तो तिला न्यायला दुकानातून घरी आला, तर दाराला कडी. पंचायतीसमोर पोचला, तर एक जीप उभी आणि पायरीवर वच्छला बसलेली, लग्नातल्यासारखी ताठ. मागे देवानंद आणि माहेरची अकरा माणसं. शालीकराम आणि मुन्नालाल लांब चिंचेखाली, जणू बसची वाट पाहत.

"आणा तिले," वच्छला म्हणाली.

"कोणाले?"

"जे कोणी असन तिले. पाहू द्या मले, तुमचं घोरणं आयकाले कोण तयार झाली ते."

देवानंद बाह्या सारत पुढे आला. "भाटवा, आमच्या बहिणीत काय कमी पडली? या वयात हे काऊन सुचून राहिलं तुमाले?"

हिरालालला आधी काही समजेना, मग सगळं एकदम समजलं, आणि मग आणखी वाईट गोष्ट समजली: आता बेत बोलून दाखवावा लागणार, तोही सासरच्या बारा माणसांसमोर! त्यानं खिशातून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढलं.

"हिलेच न्याचं आहे," तो म्हणाला. "इथं. लग्नाचा कागद नसन तर हिची-माझी जोडी ते सरकार मानत नाही."

पान हातोहात फिरलं. देवानंदनं ते उलटसुलट पाहिलं. मागे धानावरच्या तुडतुड्यांचं औषध होतं. थोड्या वेळानं त्याचा राग उतरला आणि डोळ्यांत ती पचमढीची चमक आली. गाडी केवढी आहे, त्यानं विचारलं. विमान आहे, हिरालालनं सांगितलं. तरी किती जागा, देवानंदनं विचारलं.

"दोन," हिरालाल म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं साळ्याला तोडून उत्तर दिलं.

सगळे वच्छलाकडे पाहू लागले. तिनं पान हातात घेतलं, पांढऱ्या घरांवरून बोट फिरवलं.

"इथं चहा कोण करते?"

"हॉटेलवाले."

वच्छला उठली, पदर खोचला आणि आत जाऊन सही केली. तिसरी साक्ष देवानंदचीच झाली. माहेरची माणसं आलीच होती म्हणून त्यांना जेवण घालावं लागलं, आणि जेवताना सगळे म्हणाले की पहिल्या लग्नापेक्षा या खेपेची भाजी बरी झाली.

सप्टेंबरात दोघं गेली. खरंच गेली. खोलीसमोर निळं पाणी, पाण्यापलीकडे आणखी निळं पाणी, आणि ओळखीचं एक माणूस नाही. वच्छला खुर्चीत पाय पसरून बसली ती बसलीच. बोलावणं नाही, उठणं नाही. तिच्या चेहऱ्यावर असं तेज की हिरालालला ती नव्यानं आवडली.

पहिला दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी हिरालालनं समुद्रातल्या नावा मोजल्या, एकतीस. तिसऱ्या दिवशी त्यानं हॉटेलच्या माळ्याला खुणा करून मावा किडीवरचा उपाय समजावला. चौथ्या दिवशी गुपचूप देवानंदला फोन लावला: पाऊस कसा आहे, पारावर कोण कोण आहे, मुन्नालालला फोन दे जरा. देवानंद म्हणाला, तुम्हाला एकान्त पाहिजे म्हणून गावातलं कोणी फोन करत नाही, ठेवा. आणि त्यानंच ठेवला.

हिरालाल येऊन खुर्चीशेजारी उभा राहिला. घसा साफ केला.

"काय म्हणतो वच्छला, जागा चांगली आहे. पुढच्या खेपेले देवानंदलेही आणू. मुन्नालाललेही."

वच्छलानं समुद्रावरची नजर काढली नाही.

"आणा ना," ती मायेनं म्हणाली. "तुम्ही सारे मिळून या. मी त्याच्या आधीच्या आठवड्यात एकटी येऊन जाईन."