अभिनंदन! तुमच्या घरात पाणी शिरलंय

घरबसल्या घराचा विमा काढायची नवी वेबसाइट जावईबापूंनी डिझाइन केली, इथवर ठीक होतं. पण तिची चाचणी सासूबाईंवर घ्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. (स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस काहींना उपजतच असते.)

ऑफिसातले साहेब व्हिडिओ कॉलवर बघणार होते. सासूबाईंनी कुणाच्याही मदतीशिवाय नुकसानभरपाईचा अर्ज भरला, तर जावईबापू टीमचे प्रमुख. नाहीतर ऑफिसात पलीकडच्या टेबलावर बसणारा चष्मेवाला.

लॅपटॉपच्या प्लगसाठी जावईबापूंनी वॉशिंग मशीन भिंतीपासून खसकन ओढलं. नळाला जोडलेला पाइप मागच्या मागे निसटला, पण तिकडे बघतो कोण?

"आई, नियम असा, की मी तोंड उघडायचं नाही. तुम्ही मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं."

"म्हणजे रोजच्यासारखंच की!"

"समजा, तुमच्या घरात पाणी शिरलं..."

सासूबाईंनी खाली पाहिलं. "समजायचं काय त्यात? शिरलंय."

"वा! लगेच समरस झाल्या!" स्क्रीनवर साहेब खूश.

"जावईबापू, पायाला गार लागतंय हो."

जावईबापूंनी कौतुकानं मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं. (टेन्शन आलं की ते खुर्चीवर मांडी घालून बसत. गार लागणार कुठून?)

"माझी चप्पल दाराकडे निघाली."

"काय कल्पनाशक्ती!" साहेब म्हणाले.

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उठल्या, नळ बंद करून आल्या आणि पदर खोचल्यासारख्या आवेशात लॅपटॉपपुढे बसल्या. "चला, भरते तुमचा अर्ज."

'नुकसान कशामुळे झालं?' स्क्रीननं विचारलं. पाऊस, फुटका पाइप, शेजारी, असे पर्याय होते. सासूबाई थेट तळाच्या 'इतर'वर गेल्या आणि एका बोटानं टाइप करत मोठ्यानं वाचू लागल्या, "जा... व... ई."

जावईबापू दचकले आणि त्यांनी पाय खाली सोडले. घोट्यापर्यंत पाणी!

"अयाईगं!"

"शूऽऽ! नियम," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडला. ग्राहकाला कधीही वाईट वाटू नये, म्हणून निकाल काहीही लागो, अभिनंदन करायचंच, ही जावईबापूंची लाडकी कल्पना.

'अभिनंदन! तुमचा अर्ज नाकारला आहे. घरच्या माणसाच्या हलगर्जीपणाची भरपाई मिळत नाही.'

साहेब हसून हसून कॅमेऱ्यातून दिसेनासे झाले. परत आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "अर्ज मात्र मदतीशिवाय भरला गेला. प्रमुखपद तुमचं! आई, सगळ्यात जास्त अडचण कशाची वाटली?"

"वेबसाइट सोपी आहे. अडचण खुर्चीवर मांडी घालून बसली होती."

कॉल संपला. जावईबापूंची छाती फुगते न फुगते, तोच त्यांच्या हातात फडकं आलं.

"घ्या प्रमुखसाहेब, कोपऱ्यापासून सुरुवात करा. आणि नियम तोच बरं का! तुम्ही तोंड उघडायचं नाही. माझ्या मनात येईल ते मी मोठ्यानं बोलते."