छतावरचा उंट

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझ्याइतका मुरलेला माणूस या शहरात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! फक्त तो पिंजरा कोर्टातला नाही, आमच्या वकिलांच्या फर्ममधला आहे. पिंजरा म्हणजे एक उलटी फिरवलेली खुर्ची. तिची पाठ दोन्ही हातांनी धरायची आणि चेहरा घाबरलेला ठेवायचा.

मी तिथला जुना शिपाई. फायली हलवणं आणि चहा देणं हे पगारापुरतं. खरं काम निराळंच. कोर्टात समोरच्या पक्षाच्या माणसाची उलटतपासणी घ्यायची असली, की आमचे वकील आधी ऑफिसात तालीम करतात, आणि तो समोरचा माणूस होतो मी. आजवर मी कुणाची सासू झालोय, कुणाचा भाडेकरू झालोय, एकदा तर अख्खी विमा कंपनी झालो होतो! मला प्रकरण थोडक्यात सांगायचं, बाकीचं मी रंगवतो.

दोष माझ्यात एकच. कुणी दरडावून विचारलं की मी लगेच कबूल करतो. त्यामुळे आमचे वकील तालमीत नेहमी जिंकतात. कोर्टात पुढे काय होतं, ते मी विचारत नाही.

तर त्या सोमवारी आमच्या धाकट्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, या वेळी तुम्ही नवरा व्हायचं. आपली अशील आहे त्याची बायको. त्यानं बाहेर दुसरं घर केलंय, पण तो मान्य करत नाही. शुक्रवारी त्याच्याकडून ते वदवून घ्यायचंय."

"घ्या की! दुसरं घर कितव्या मजल्यावर ठेवू?"

"काका, तुम्ही फक्त उत्तरं द्या!"

मी खुर्चीची पाठ धरली. वकीलबाईंनी टेबलावर हात आपटला. "तुमचं दुसऱ्या बाईशी घर आहे की नाही?"

"आहे!"

"काका! जरा तरी नाही म्हणा!"

"नाही!"

"नीट आठवून सांगा!"

"आहे!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "असू दे. का केलंत असं? घरी काय कमी होतं?"

इथे मला रंग चढला. "कमी कसलं, जास्तच होतं! बोलणं! मी घरी पाऊल टाकलं की बायको सुरू होते. ती बोलते आणि मी हं हं करत छताकडे बघतो. छताला ओल आलीय. त्या डागांत एक उंट आहे. मान आहे, कुबड आहे, हल्ली तर त्याला पिल्लूही झालंय! मी त्या उंटाच्या जिवावर जगतो, वकीलबाई! माणसानं दुसरं घर करू नये तर काय करावं?"

"वा, काका!" वकीलबाई खुश होऊन म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

दारात आमची ही उभी होती. मी घरी विसरलेला जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा टेबलावर ठेवला, वकीलबाईंना "येते हं" म्हणाली, आणि गेली.  

संध्याकाळी घरी गेलो तर ती बोलेचना. आमच्या लग्नापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. अशा वेळी कुठे बघायचं, तेच मला कळेना.

शेवटी मीच म्हणालो, "अगं, ती तालीम होती!"

"हो का? आणि प्रयोग कुठे असतो?"

"कोर्टात! तो नवरा निराळाच आहे!"

"कोण?"

आता आमच्या फर्मची शिस्त अशी, की अशिलाच्या भानगडी भिंतीलासुद्धा सांगायच्या नाहीत. मी म्हणालो, "ते सांगता येत नाही."

"आणि ती बाई कुठे राहते?"

"तेही सांगता येत नाही."

"म्हणजे आहे!" असं म्हणून तिनं कपाटावरची बॅग खाली काढली. "शुक्रवारच्या गाडीनं लेकीकडे जाते. परत येणार नाही. तुमचं घर तुम्हाला लखलाभ! दोन्ही!"

बॅगेत साड्या जायला लागल्या.  या वयात मला एकट्याला चहासुद्धा नीट करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ती समोर नसेल तर चहा करून करायचं काय?

लेकीचा फोन आला. "बाबा, या वयात?" एवढंच बोलून तिनं फोन आपटला. मग मेव्हण्याचा आला. "भावजी, मी ताईच्या बाजूनं तुम्हाला जाब विचारायला फोन केलाय," असं तो जोरात म्हणाला. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण जमवलंत कसं?"

मी मोठ्या वकीलसाहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "साहेब, हिला एक वाक्य सांगा. संसार वाचवा माझा!"

मोठे साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी लगेच फोन लावला. "वहिनी, तुमच्या मिस्टरांनी आमच्या ऑफिसात जे कबूल केलं, त्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. ते खरं आहे असंही म्हणत नाही, आणि खोटं आहे असंही म्हणत नाही. नमस्कार!"

त्या संध्याकाळी बॅगेत स्वेटरसुद्धा गेले.

आता एकच वाट उरली होती. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मी तिला म्हणालो, "शुक्रवारी तू चल. तिथे तो माणूस स्वतःच्या तोंडानं सांगेल, मग तर पटेल?"

"येते. तिथून परस्पर गाडीला जाईन," ती म्हणाली, आणि शुक्रवारी खरोखरच बॅग मांडीवर घेऊन कोर्टात माझ्या शेजारी बसली.

खरा नवरा पिंजऱ्यात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा बंद दुकानाच्या शटरसारखा! वकीलबाईंनी आवाज चढवला. "तुमचं दुसऱ्या बाईशी घर आहे की नाही?"

"नाही."

"नीट आठवून सांगा!"

"नीट आठवूनच सांगतोय. नाही."

वकीलबाईंनी केविलवाणं होऊन माझ्याकडे पाहिलं. एव्हाना मी त्यांना पत्तासुद्धा देऊन टाकला असता!

ही माझ्या कानाशी कुजबुजली, "हा तर धुतल्या तांदळासारखा आहे. मग सोमवारी तुम्ही कुणाचं सांगत होतात?" आणि बॅग उचलून उठली.

माझा संसार दाराकडे चालला होता! मी ताडकन उभा राहिलो. "साहेब, हा खोटं बोलतोय!"

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. "आपण कोण?"

"मी हाच आहे, साहेब!"

"हाच म्हणजे?"

"म्हणजे आमच्या ऑफिसात! यांचं सगळं मी तिथे कबूल केलंय! अगदी मनापासून!"

मोठे साहेब पेन शोधायला म्हणून टेबलाखाली गेले ते वर आलेच नाहीत. कोर्टाचा शिपाई माझ्याकडे निघाला. मी ओरडलो, "न्या मला, खुशाल न्या! पण त्याला एक विचारा! बायको बोलायला लागली, की हा हं हं करत छताकडे बघतो की नाही?"

 कोर्टात बसलेल्या सगळ्या पुरुषांनी नकळत वर पाहिलं. न्यायाधीशांचीही मान निम्मी वर गेली होती, ती त्यांनी घाईनं खाली आणली.

आणि पिंजऱ्यातलं शटर धाडकन उघडलं! "बघतो!" तो नवरा ओरडला. "बघतो छताकडे! काय करणार? आणि बघायला तरी काय, नुसते डाग! तिकडचं छत बघा, कसं पांढरंशुभ्र आहे! पण तिकडे वर बघायची वेळच येत नाही!"

न्यायाधीशांनी पेन उचललं. "तिकडे म्हणजे कुठे?"

त्याच्या वकिलानं फाईल स्वतःच्या तोंडावर धरली.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी माझे दोन्ही हात दाबले. मोठे साहेब कपडे झटकत आले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला कामावरून काढलं!" जरा पुढे जाऊन वळले. "आणि सोमवारी वेळेवर या. तालीम आहे."

गाडी केव्हाच सुटली होती. मी हिची बॅग स्वतः उचलून घरी आणली. दिग्विजय करून आल्यासारखा पलंगावर बसलो आणि म्हणालो, "पटलं ना आता?"

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"काय?"

"अहो, दुसरं घर तुम्हाला झेपणार आहे का? पहिल्या घरात टॉवेल कुठे असतो, ते अजून मला विचारता!"

"मग ही बॅग? लेकीचा फोन? तुझा भाऊ?"

 तिनं फक्त मान वर केली. मीही केली. वर उंट होता. शेजारी पिल्लू होतं.

"त्या माणसाची माहिती तुम्हाला वकीलबाईंनी दिली, हो ना?" तिनं शांतपणे विचारलं.

"हो."

"मग हा उंटही त्यांनीच दिला का?"

याला म्हणतात उलटतपासणी! टेबलावर हात आपटणं नाही, आवाज चढवणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी धीर धरला. "आठवत नाही."

"नीट आठवून सांगा."

"माझाच आहे!" मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी स्टुलावर उभा राहून छताला रंग दिला. ही खाली उभी राहून कुठे राहिलंय ते सांगत होती. आता छत असं लख्ख झालंय, की शोधून ठिपका सापडत नाही. त्यामुळे हल्ली मी सगळं ऐकतो. बरंचसं माझ्याबद्दलच असतं.

परवा मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर काहीतरी दिसल्यासारखं झालं. त्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. ती ओल आहे असंही म्हणत नाही, आणि नाही असंही म्हणत नाही.