साळवेसाहेबांचा भांडणाचा उपवास

दर वर्षी काही आठवडे असे यायचे की आमच्या गल्लीत साळवेसाहेबांशी कुणी कसंही वागावं. त्यांच्या ओट्यावर खुशाल गोधड्या वाळत घालाव्यात, त्यांच्या नळाखाली आपली बादली आधी सरकवावी, त्यांच्या दारात म्हैस बांधावी. साळवेसाहेब दारात यायचे, म्हशीकडे बघायचे, म्हैस त्यांच्याकडे बघायची. त्यांच्या मानेची शीर टरारून फुगायची. मग ते डोळे मिटून, दातांवर दात ठेवून एवढंच म्हणायचे, ‘‘ईस्टर होऊ दे. मग सांगतो.’’

एरवीचे साळवेसाहेब ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना यातली गंमत कळायची नाही. मी जुन्या इंदुरात नवं नवं बिऱ्हाड केलं तेव्हा पहिल्याच सकाळी आम्हाला जाग आली ती त्यांच्या आवाजानं. ‘‘रामलाल! हे दूध आहे की नदी घरी आणून राहिला तू?’’ माझी बायको कुसुम दचकून उठली. तिला वाटलं खून पडला. दूधवाला रामलाल मात्र शांतपणे माप ओतत होता. जाताना ‘‘राम राम साळवेजी’’ म्हणून गेलासुद्धा.

साळवेसाहेब नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीवरचा हुकूम त्यांनी सोडला नव्हता. पांढरी पँट, काळा कोट, उन्हाची टोपी अशा थाटात सकाळी फेरी निघायची आणि वाटेत जो सापडेल त्याचा उद्धार व्हायचा. नाली तुंबली की भांडण, नाली साफ झाली तर ‘आज कशी झाली, काल का नाही’ म्हणून भांडण. माणूस नगरकडचा, पण सगळी हयात इंदुरात गेलेली. त्यामुळे भांडण सुरू मराठीत व्हायचं, रंगलं की हिंदीत शिरायचं आणि अगदीच हाताबाहेर गेलं की इंग्रजीत जायचं. ‘‘आय विल रिपोर्ट यू!’’ हे शेवटचं अस्त्र. आता कुणाला रिपोर्ट करणार, हे कुणी विचारत नसे.

असा हा माणूस लेंट लागला की तोंडाला कुलूप घालायचा.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. चाळीस दिवस प्रार्थना करायची, मन आवरायचं आणि आवडीची एखादी गोष्ट सोडायची. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. साळवेसाहेबांनी भांडण सोडलं होतं.

‘‘देखो भिया,’’ इंदुरी ढंगात ‘भैया’चा ‘भिया’ करत त्यांनी मला एकदा समजावलं, ‘‘मटण माझ्याकडे शिजतंच कधीमधी. ते सोडलं तर देवाला पत्ता पण नाही लागणार. सोडायचं तर जे सोडताना जीव जाऊन राहिला पाहिजे, ते सोडायचं.’’

त्यांच्या चर्चमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रविवार या चाळीस दिवसांत धरत नाहीत, त्या दिवशी सूट असते. दुसऱ्या कुणी आनंदानं रविवारची यादी केली असती. साळवेसाहेब उलट चिडले, म्हणजे मनातल्या मनात चिडले, कारण लेंट चालू होता. ‘‘रविवारी शिव्या देऊ आणि सोमवारी फिरून साधू होऊ? ये क्या बात हुई?’’ तेव्हा रविवारसुद्धा कोरडाच जायचा.

मध्य भारत राज्याचं सरकार त्या वेळी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. सरकार असं मुक्काम हलवतं तसं साळवेसाहेबांचं भांडणही मुक्काम हलवायचं. तोंडातून ते रुमालात जायचं. कुणी आगळीक केली की ते खिशातून मोठा चौकडीचा रुमाल काढायचे आणि त्याला एक गाठ मारायचे. गाठ म्हणजे येणे बाकी. ईस्टर झाला की एकेक गाठ सोडायची आणि एकेकाला गाठायचं, असा हिशोब. होळी आणि रंगपंचमी बहुतेक वर्षी नेमकी लेंटातच येतात. रंगपंचमीला सगळं इंदूर रस्त्यावर उतरतं. तेव्हा गल्लीतली झाडून सगळी पोरं त्यांच्या काळ्या कोटावर रंग ओतून जायची आणि संध्याकाळी तो रुमाल दोरखंडासारखा दिसायचा.

पण खरी मजा ईस्टरला. सकाळी छावणीतल्या चर्चमधून आले की साहेब ओट्यावर बसून गाठी सोडायला घ्यायचे. ‘‘ही रामलालची. ही म्हशीची. आणि ही... ही कुणाची बे?’’ अर्ध्या गाठींचा मालकच आठवायचा नाही. ज्यांचा आठवायचा, त्यांच्यावर राग यायचा नाही. ‘‘चाळीस दिवसांचं भांडण शिळं होतं, भिया,’’ ते हताशपणे म्हणायचे. ‘‘शिळ्या भाताला फोडणी देता येते. शिळ्या भांडणाला काय देणार?’’ मग ते उठून आत जायचे आणि गल्लीभर केक वाटायचे. दुसऱ्या दिवशी ताजी भांडणं सुरू.

गल्लीतल्या बायकांच्या हिशेबी मात्र उपवास म्हणजे पोटाचा. आमच्या कुसुमनं पहिल्या वर्षी त्यांना वाटी भरून साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली आणि काळजीनं विचारलं, ‘‘तुमच्यात सैंधव चालतं ना?’’ साळवेसाहेब म्हणाले, ‘‘वहिनी, माझा उपवास भांडायचा आहे, खायचा नाही.’’ आणि क्षणभर थांबून, ‘‘पण खिचडी ठेवा.’’

आता बापूसाहेब जगदाळे. साळवेसाहेबांच्या घराला लागून त्यांचं घर, मध्ये छातीएवढी भिंत. बापूसाहेबांचे आजे होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. संस्थान विलीन झालं, रिसाला गेला, पण बापूसाहेबांच्या मिशा अजून ड्यूटीवर होत्या. साळवेसाहेब गल्लीशी भांडायचे ते हात मोकळा करायला. खरी लढाई बापूसाहेबांशी, आणि ती शेवग्यावरून. झाड साळवेसाहेबांच्या अंगणात, फांद्या बापूसाहेबांच्या. साळवेसाहेब म्हणत, बुंधा माझा तर शेंगा माझ्या. बापूसाहेब म्हणत, माझ्या हद्दीत शिरलं ते माझं. आणि झाडाचा चावटपणा असा की शेंगा धरायच्या नेमक्या लेंटात. बापूसाहेब भर दुपारी बांबूला आकडी लावून, खाकरून, साळवेसाहेब बघतायत याची खात्री करून शेंगा पाडायचे.

‘‘काय साळवे, पाडू का अजून?’’

‘‘ईस्टर होऊ दे!’’

बापूसाहेबांच्या पत्नीला सगळी गल्ली वहिनीसाहेब म्हणायची. त्या या दोघांकडे कधी लक्षच देत नसत. पाडलेल्या शेंगांची आमटी करायच्या आणि त्यातलीच वाटीभर भिंतीवर ठेवायच्या. साळवेसाहेब एकटे होते. त्यांची पत्नी, रूथबाई, आम्ही राहायला येण्यापूर्वीच गेल्या होत्या. ते वाटी उचलायचे आणि धुऊन परत ठेवताना त्यात गुळाचा खडा नाहीतर दोन पेरू घालायचे. घरोब्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं मात्र दोन्ही घरांना मान्य होतं.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या सोमवारी वहिनीसाहेब गेल्या. सकाळी तुळशीला पाणी घालताना बसल्या त्या उठल्याच नाहीत.

मूलबाळ नव्हतं. देवासहून पुतण्या आला, त्यानं सगळं केलं. बापूसाहेब रडले नाहीत. बोललेही नाहीत. माजघरात भिंतीला टेकून बसले ते तसेच. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून आम्ही पाळीपाळीनं पिठलंभात नेत होतो. ताट जसंच्या तसं परत येत होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मिशा खाली आल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘यांचं ब्लडप्रेशर, हे वय, आणि पोटात अन्न नाही. काहीही करा, पण खायला घाला.’’ कुसुम हात जोडून बसली, पुतण्या पाया पडला. बापूसाहेबांची नजर आमच्यामधून आरपार जात होती. गुरुवारी रात्री कुसुम मला म्हणाली, ‘‘आता हे पण जाणार हो,’’ आणि रडायला लागली. मलाही तसंच वाटत होतं.

साळवेसाहेब रोज दोनदा जायचे. लांब बसायचे, काही न बोलता उठायचे. परतताना रुमाल हातात असायचा, पण गाठ मारायला काही कारण नव्हतं.

शुक्रवार उजाडला. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस, ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार. दुपारी चर्चमध्ये तीन तासांची उपासना असते. साळवेसाहेब काळा कोट घालून, बायबल काखेत घेऊन निघालेले मी खिडकीतून पाहिले. मी कामाला होतो त्या मिलला सुट्टी नव्हती, पण मी रजा टाकली होती. ते जगदाळ्यांच्या दारापर्यंत आले आणि थांबले. टोपी काढली. आकाशाकडे एकदा बघितलं. टोपी पुन्हा घातली.

‘‘ए जगदाळे! बाहेर ये!’’

सगळी गल्ली हादरली. कितीतरी लेंट त्या माणसानं कोरडे काढले होते, आणि आज, असल्या दिवशी, असल्या घरापुढे!

‘‘माझ्या शेंगा कुठायत? रोज पाडून राहिलास! दुसऱ्याच्या झाडावर जगणारा चोट्टा आहेस तू! आय विल रिपोर्ट यू!’’

बायका दारात आल्या. रामलाल कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘साळवेजी, शरम करो, मैयत का घर है!’’ मीसुद्धा चपला न घालता धावलो आणि त्यांचा दंड धरला. त्यांनी मला असा काही झटकला की मी तुळशीवृंदावनापाशी जाऊन थांबलो.

‘‘रिसालेवाले म्हणे! शेंगाचोर! वहिनी होत्या म्हणून ऐकून घेतलं. आजपासून एका शेंगेला हात लावून दाखव!’’

आत काहीतरी पडलं. मग दार उघडलं. बापूसाहेब चौकटीला धरून उभे होते, बंडीवर, दाढी वाढलेली.

‘‘कोण बे चोर? साळव्या, चोर कुणाला म्हणतो?’’

‘‘तुला!’’

‘‘माझ्या आज्यानं घोड्यावरून... अबे, तुझ्या झाडाचा पाला माझी बायको रोज झाडायची! रोज! तिची कंबर मोडली झाडून झाडून! आणि तू मला... ती रोज...’’

बापूसाहेब उंबऱ्यावर बसले आणि पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. सोमवारपासूनचं सगळं रडणं एकदम आलं. पुतण्यानं त्यांना धरलं. गल्ली साळवेसाहेबांकडे अशी बघत होती की त्या नजरेनं माणूस जागीच विरघळावा. साळवेसाहेबांनी कोट सारखा केला.

‘‘ताट भिंतीवर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘गार होऊन राहिलं.’’ आणि चर्चच्या रस्त्याला लागले.

भिंतीवर खरंच झाकलेलं ताट होतं. भात आणि शेवग्याची आमटी. ख्रिस्त्याच्या घरचं शिजलेलं अन्न आजवर बापूसाहेबांनी कधी खाल्लं नव्हतं. वाट्या भिंतीवरून जायच्या त्या एकाच दिशेनं, आणि परत यायचा तो गूळ नाहीतर पेरू. पुतण्या ताट घ्यावं की नाही या विचारात उभा होता. बापूसाहेबांनीच हात पुढे केला.

त्यांनी सगळा भात संपवला.

रविवारी ईस्टर. साळवेसाहेब पहाटेच्या उपासनेहून आले तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर वाट बघत बसलो होतो. दोन दिवस गल्लीतलं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. माझ्या शेजारी बसून त्यांनी रुमाल काढला. त्या वर्षीच्या गाठी तशाच होत्या.

‘‘लेंट मोडला तुमचा,’’ मी म्हटलं.

‘‘मोडला. त्याला सांगून टाकलं शुक्रवारी. सॉरी म्हटलं.’’ त्यांनी बोट वर केलं. ‘‘पण भिया, खोटं कशाला बोलू, इतकं शांत मला कोणत्याच लेंटात वाटलं नव्हतं.’’

थोडा वेळ ते एका गाठीशी खेळत राहिले.

‘‘रूथ गेली तेव्हा मी पण असाच बसलो होतो. चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले, सांगून गेले की ती प्रभूजवळ आहे, पुन्हा भेट होईल. मला ऐकूच येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी हा जगदाळ्या दारात आला आणि बोंबलायला लागला. तुझ्या झाडाचा पाला माझ्या कौलांवर पडतो, तोडून टाकतो तुझं झाड. मी असा भडकलो! काठी घेऊन धावलो त्याच्यावर. आणि भांडून झाल्यावर मला भूक लागली हो. बघतो तर भिंतीवर वहिनींनी ठेवलेलं ताट.’’ ते हसले. ‘‘त्याच्या घराला तेव्हा कौलं नव्हती. पत्रे होते.’’

ते पुढे म्हणाले, ‘‘तिसऱ्या दिवशी येशू उठला हे मी लहानपणापासून ऐकतोय. पण माणूस पुन्हा उठू शकतो, हा भरोसा मला त्या दिवशी आला. जगदाळ्याचं देणं राहिलं होतं माझ्याकडे.’’ डोळे पुसायला त्यांनी रुमाल वर नेला, पण गाठींनी धड पुसताही येईना. मग कोटाची बाही वापरली.

आम्ही उठलो तेव्हा भिंतीवर ताट दिसलं. धुतलेलं, लखलखीत, आणि त्यात शेवग्याच्या शेंगांची जुडी. साळवेसाहेबांच्याच झाडाच्या, साळवेसाहेबांनाच. ते शेंगांकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. बारीक होता, पण जगदाळ्यांचाच होता.

‘‘ए साळव्या! आमटीला मीठ नव्हतं!’’

ईस्टर झाला होता. आता भांडायला पूर्ण मोकळीक होती. साळवेसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला, मानेची शीर फुगली, तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. ताट उराशी धरून ते माझ्या कानाशी वाकले.

‘‘मुद्दामच कमी घातलं होतं,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘त्याला ब्लडप्रेशर आहे.’’