देवरावकाका जेवायला बसले

देवरावकाकांना पंगतीत बसून जेवताना पाहिलेला माणूस आमच्या कामरगावात दाखवा, माझ्या दुकानातली सोयाबीन बियाण्याची अख्खी बॅग त्याला फुकट! लग्न असो, बारसं असो, पानं मांडली की काका भाजीची बादली घेऊन उभे. आमंत्रण असो वा नसो. यजमान बिचारा बघतच राहतो, की हा कोण बाप्पा आपल्याच मांडवात हुकूम सोडून राह्यला!

"घ्या ना, लाजता कायले? पोट तुमचंच हाय!" म्हणत ते वाढतात. पानावर आडवा हात धरलात तर हातावर वाढतात. एका नवरदेवाच्या मामांनी डॉक्टरनं तेल बंद केल्याचं सांगितलं. काकांनी मांडवभर नजर फिरवली. "डाक्टर इथं हाय काय? नाई ना? मंग घ्या." आणि वरून तेलाची लालभडक तर्री ओतली.

स्वतः बसायचं नाव नाही. घरीसुद्धा ओट्याशी उभ्यानेच, हातावर भाकर घेऊन खातात. काकू गेल्यापासून हे असंच. मला वाटायचं, भाजीपाल्याचा मळा करणारा माणूस, पहाटे बाजार गाठायची घाई, लागली असेल सवय.

त्यांची एकुलती एक लेक शीतल पुण्यात सुशी करते. सुशी म्हणजे आंबवल्यासारखा लागणारा भाताचा बोटभर मुटका आणि वर माशाचा काप, तोही कच्चा! हे जपानी प्रकरण खायला पैसेवाले लोक आधीपासून नंबर लावतात. लाकडी फळीपुढे मोजक्या खुर्च्या, फळीपलीकडे शीतल. ती एकेक मुटका वळून पुढ्यात ठेवते, तो तिथल्या तिथे खायचा. ती पहिल्यांदाच एकटीने ती फळी सांभाळणार होती, तेव्हा तिचा मला फोन आला.

"दादा, बाबाले घेऊन या. फक्त बसवून ठेवजा त्याइले. मी घरी आली तरी मलेच वाढत राह्यतात. एकदा माह्या हातचं बसून खावं त्याइनं, बस." पोरीचा आवाज भरून आला होता. मी हो म्हणून बसलो. कुठून बुद्धी झाली देव जाणे!

पुण्यात तिच्या हॉटेलात सगळं चिडीचूप. काका टोपी सावरत खुर्चीच्या टोकावर टेकले. ते शाकाहारी, म्हणून शीतलनं त्यांच्यासाठी काकडीचा मुटका वळून पुढ्यात ठेवला. काकांनी तो अलगद उचलला आणि शेजारच्या रेशमी साडीवाल्या बाईंच्या बशीत ठेवला. "घ्या ताई, लाजता कायले?" बाईंनी घाबरून खाल्ला. दुसरा मुळ्याचा, तो माझ्याकडे आला. मीही खाल्ला, काय करता! मग काका उठलेच. "पोरी, तू एकटी कुठं कुठं पुरशील? तू बनव, मी वाढतो." आणि निघाले फळीपलीकडे! मी त्यांचा सदरा धरला. दारातून हॉटेलचे मालक आमच्याकडे बघत होते. माझं बीपी कुठं पोचलं असेल, विचारू नका.

शीतलचे हात थांबले. डोळे डबडबले. "बाबा, बसा. तुमी खाल्ल्याबिगर मी आता कोनालेच देनार नाई."

काका परत खुर्चीच्या टोकावर टेकले.

"बसलं का मंग वाट पाहा लागते, पोरी," ते हळूच म्हणाले. "तुही माय गेल्यावर एक-दोन डाव बसलो मी ताट घेऊन. कोनी आलंच नाई वाढाले. तवापासून बसतच नाई."

रेशमी बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शीतलनं ओल्या हातानं मुटका वळला, वर भाजलेल्या वांग्याचा काप ठेवला आणि बशीत न ठेवता बापाच्या तळहातावर दिला. "मी उभी हाय ना समोर, बाबा."

काकांनी तो तोंडात टाकला. सावकाश चावला. एवढ्या वेळात तर आमच्याकडे अख्खी पंगत उठते! पोरगी श्वास रोखून उभी, मी खुर्ची घट्ट धरून.

"भात आंबट हाय," काका म्हणाले. शीतलचा चेहरा पडला. "पन वांगं लय साजरं भाजलं. तुही माय अशीच भाजे." आणि त्यांनी हात पुढे केला. "दे, माय, आनखी एक."

तिनं दिला. मग आणखी एक. काका आता खुर्चीत मागे सरकून, पाठ टेकून, ऐसपैस बसले होते. मालक हसत आत निघून गेले. माझा जीव भांड्यात पडला.

"काका, आता मला नाही का देणार?" रेशमी बाईंनी हसून विचारलं.

"थांबा ना ताई," काका भरल्या तोंडानं म्हणाले, "दिसून नाई राह्यलं काय? मी जेवून राह्यलो."